बोटीवरची दुसरी बॅटरी

माझ्या भावाचा श्वास बॅटरीवर चालायचा, असं म्हटलं की लोकांना वाटतं ही काहीतरी तिखटमीठ लावून सांगतेय. लावून सांगायची मला सवय नाही. मी राहुरीत नवऱ्याबरोबर दुकान चालवते. तो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरतो, मी ट्रॅक्टर-टेम्पोचं वायरिंग करते. पहिल्यांदा आलेला प्रत्येक गडी दुकानात इकडंतिकडं बघतो आणि विचारतो, "मिस्त्री कुठं हाय?" मी म्हणते, "म्होरं उभी हाय, डोळं उघडा की." तर अशी मी. मीटर जे दाखवतं तेच बोलणारी. दादाचा श्वास बॅटरीवर होता, ती बॅटरी चार्ज होईना, आणि का होईना ते मला सापडेना. त्या दिवसांचं हे सांगणं आहे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं माहेर मुळा धरणाच्या फुगवट्यापलीकडची वाडी. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की फरशी पुलावरून जीप जाते-येते. धरण भरलं की फरशी पाण्याखाली, आणि डोंगराकडून वळसा घालून येणारी जी वाट आहे तिच्यावरून बैलसुद्धा चालायला कुरकुरतो. मग वाडीला एकच आधार, दादाची बोट. लोखंडी पत्र्याची, मागं डिझेल इंजिन, वर ताडपत्रीचं छप्पर. दुधाचे कॅन, शाळेची पोरं, अवघडलेल्या बाया, कांद्याच्या गोण्या, एकदा तर बाशिंग बांधलेला नवरदेव, सगळं त्यानं त्या बोटीतून अलीकडं आणलं. बोट रिकामी असली की मधोमध जाऊन तो इंजिन बंद करायचा आणि थोडा वेळ नुसता बसायचा. मी लहानपणापासून त्याला विचारत आले की तिथं काय करतोस. तो म्हणायचा, "काय न्हाई. गप बसतो. घरी तुझी वैनी बसू देती व्हय?"

मग ती मोठी साथ आली. त्यातून दादा वाचला, पण फुप्फुसं वाचली नाहीत. नगरच्या डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं की फुप्फुसं आतून जाड झालीत, आता उलटं फिरायचं नाही, हळूहळू वाढतच जाणार. घरी ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं आलं. हवेतून ऑक्सिजन काढून नळीनं नाकात सोडणारं, फ्रिजसारखं घुरघुरणारं मशीन. ते विजेवर चालतं, वीज गेली की घरच्या इन्व्हर्टरवर. नळीच्या लांबीएवढंच दादाचं जग उरलं. वहिनीनं त्याची खाट दाराशी घातली, पाणी दिसावं म्हणून. चांगल्या मनानं घातली, पण दादा मला म्हणाला, "तायडे, पाणी दिसत नसतं तर बरं हुतं बग. दिसतंय आन जाता येत न्हाई, ह्यानंच जास्त जीव जातो."

बोट वहिनी चालवायला लागली. पदर खोचून, डोक्याला रुमाल बांधून ती सुकाणू धरायची, आणि वाडीतल्या म्हाताऱ्या आधी तोंडाला पदर लावून हसल्या आणि मग गुपचूप बोटीत बसल्या. वहिनी म्हणायची, "हसंनात का. उतरताना माझाच हात धरत्यात."

मला दादाचं ते दाराशी पडून राहणं बघवेना. उन्हाळ्यात मी एक उद्योग केला. बोटीवर इंजिन चालू करायची एक बॅटरी होतीच. मी दुसरी बसवली, मोठी, आणि तिच्यावर एक इन्व्हर्टर. इंजिनावरचा डायनामो चालता चालता दोन्ही बॅटऱ्या भरणार. पहिली इंजिनाची, दुसरी दादाच्या मशीनची. सुकाणूजवळ एक छोटा दिवा लावला. दुसऱ्या बॅटरीला चार्जिंग पोचतंय तोवर हिरवा, नाही पोचलं की लाल, आणि इंजिन बंद की दिवाही बंद. मशीन बोटीत ठेवायचं, नळी दादाच्या नाकात, आणि दादा सुकाणूवर. अडीअडचणीला छोटा सिलिंडर पायाशी. साधी जोडणी होती, फार डोकं लागलं नाही. पण दादा ज्या दिवशी पहिल्यांदा सुकाणूवर बसला त्या दिवशी वहिनी काठावर उभी राहून मोठ्यानं रडली, आणि मीही रडले. कशाला लपवू.

पावसाळाभर तो रोज एखादी फेरी करायचा. पोरं शाळेला नेणारी सकाळची फेरी त्याची. पोरं मशीनला "दादांचं मांजर" म्हणायची, घुरघुरतं म्हणून. डॉक्टर म्हणाले, बोटीवर न्यायला माझी ना नाही, मन रमतंय तर रमू दे. डॉक्टरांना पुढचं माहीत होतं. आम्हालाही होतं. त्यामुळं सगळ्यांना त्या फेऱ्यांची किंमत कळत होती.

आणि खंडेनवमी आली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं हत्यारं, अवजारं, गाड्या सगळं धुऊन-पुसून पुजतात, आणि त्याच्या आधी रंगवतात. बाकीचे रंगवतात म्हणजे काय, चांदी रंगाचा डबा उघडतात आणि ग्रीससकट, मातीसकट, नटबोल्टांवरून ब्रश फिरवतात. दादाचं तसं नव्हतं. तो आधी प्रत्येक नट उघडायचा. खालचा गंज खरवडायचा, रंगाचा एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, दुसरा हात द्यायचा, नटाखालचा वायसर, ती बारीक चकतीसुद्धा रंगवायचा, आणि मग नट पुन्हा आवळून वरून कापडानं लख्ख पुसायचा. म्हणायचा, "नट न काढता रंग मारनं म्हंजे आंघुळ न करता नवी कापडं घालनं." पाण्यातली बोट आहे, गंज आधी नटाखालीच धरतो, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. म्हणूनच इतकी वर्षं त्याच्या बोटीचा पत्रा कुठं कुजला नाही.

त्या वर्षी वहिनीनं त्याला रंगाला हात लावू नका म्हणून बजावलं होतं. ऐकतोय कसला! मशीन बोटीतच चालू ठेवून, इंजिनाशेजारी गोणपाटावर बसून, थांबत थांबत, त्यानं इंजिनाची सगळी बैठक स्वतः रंगवली. वहिनीनं मला व्हिडिओ कॉल लावला, "बगा वन्सं, बगा तुमच्या भावाचं थ्यार." पडद्यावर दादा, नाकातल्या नळीलाही चांदी लागलेली, हातात ब्रश, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मी रागवायला तोंड उघडलं आणि नुसतीच हसले. "बग कशी नवरी दिसती का न्हाई," तो बोटीकडं हात करून म्हणाला, आणि मग बराच वेळ त्याला बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी वहिनीनं बोटीची पूजा केली. इंजिनाला हळद-कुंकू, सुकाणूला झेंडूची माळ, नारळ फोडून पाणी शिंपडलं. दोन्ही बॅटऱ्यांनाही हळद-कुंकू वाहिलं, दुसरीला जरा जास्तच, कारण तिच्यावर नवरा जगत होता.

दसरा झाल्यावर थोड्याच दिवसांत वहिनीचा फोन आला. "वन्सं, त्यो दिवा लालच ऱ्हातोय. इंजिन चालू असलं तरी लाल. आन आज इन्व्हर्टर वरडाय लागला. ह्यांना काठावर आणून उतरवलं तवा गप झाला."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. बॅटरीची झाकणी उघडली आणि माझं टाळकंच फिरलं. दोन्ही टोकांवर हळद-कुंकवाचा लगदा, त्यात नारळपाण्यानं धरलेली पांढरी-हिरवी बुरशी. मी म्हटलं, "वैनी, अवो देवाला तरी इतकं कुंकू लावता का? ही बॅटरी हाय, म्हाळसा न्हाई!" वहिनी वर घराकडं गेली. गरम पाणी आणून दिलं, चिंधी आणून दिली, आणि पदराचं टोक दातात धरून बाजूला उभी राहिली. मी टोकं घासून लख्ख केली, फ्यूज बदलला, तारा एकेक ओढून पाहिल्या. सगळ्या घट्ट. बॅटरीच्या खालच्या तारेचा, म्हणजे इंजिनाच्या बैठकीवर आवळलेल्या अर्थच्या तारेचा नट तर इतका चकचकीत होता की मी त्याला नुसता पाना टेकवून पुढं गेले. मीटरचा काळा दांडा इंजिनाला लावायचा, लाल दांडा एकेका ठिकाणी, ही माझी नेहमीची पद्धत. डायनामोपाशी व्होल्टेज बरोबर. बॅटरीच्या लाल टोकापाशी बरोबर. म्हणजे चार्जिंग दारापर्यंत येतंय, आणि बॅटरी काही घेत नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

"बॅटरीच गेली," मी दादाला येऊन सांगितलं.

"इतक्यात?" तो म्हणाला. "उन्हाळ्यात तर बसवली."

"आत कुंकू-पाणी गेलं आसंल," मी म्हणाले. चुलीपाशी वहिनीच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या आधीच तुटली, ते मी पाहिलं. पण मी रागात होते, आणि रागात मी कुणाची राहत नाही.

दादा पुन्हा खाटेवर. बोट वहिनीकडं. पोरं शाळेला जाताना दाराशी येऊन "दादा, मांजर कवा आणणार?" विचारायची आणि तो बोटानं "लौकर" अशी खूण करायचा. बोलण्यात श्वास घालवायचा नव्हता त्याला.

भाऊबीजेला मी नवी बॅटरी घेऊन गेले. दुकानात चार्जरवर काठोकाठ भरून. दर भाऊबीजेला दादा स्वतः बोट घेऊन मला अलीकडच्या काठावर न्यायला यायचा. त्या वर्षी वहिनी आली. बॅटरी बसवून, मशीन लावून, मी दादाला ओवाळलं ते बोटीतच. म्हटलं, "ह्या साली ओवाळणी नको. सुकाणूवर बस, तीच ओवाळणी." वहिनीनं हातात कुंकवाचा करंडा घेतला होता, नव्या बॅटरीकडं बघितलं आणि माझ्याकडं. मी "नको" म्हटलं. तिनं करंडा कमरेला खोचला.

दादानं मला त्या दिवशी धरणाच्या मधोमध नेलं. इंजिन बंद केलं. मशीनची घुरघूर, आणि लांब कुठंतरी उसाचा ट्रॅक्टर, बाकी काही नाही. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तो कडेला वाकला. पाण्यात हात घातला, ओला हात तोंडावरून फिरवला आणि इंजिन पुन्हा चालू केलं. दिवा कधी हिरवा, कधी लाल असा लुकलुकत होता. मी म्हटलं, दिव्याचं होल्डर सैल असेल, पुढच्या वेळी बघू. मनात आनंद असला की माणूस मीटर काढत नाही.

भरून आणलेली बॅटरी होती, तिनं थोडे दिवस काढले. मग एका सकाळी, पोरं अलीकडच्या काठावर सोडून परत येताना, मधोमध इन्व्हर्टर ओरडायला लागला आणि पाठोपाठ मशीन बंद पडलं. वहिनी बरोबर होती म्हणून बरं. तिनं सिलिंडरची नळी लावली. पण सिलिंडरची चावी जाम, फिरेना. ती दातानं, पान्यानं, शेवटी सुकाणूच्या लाकडानं ठोकून तिनं फिरवली. तेवढ्या वेळात दादाची नखं काळीनिळी पडली होती, आणि तो तिच्याकडं नुसता बघत होता. हे तिनं मला फोनवर सांगितलं नाही. मी गेल्यावर, भांडी घासता घासता, माझ्याकडं पाठ करून सांगितलं. मग म्हणाली, "आता पाण्यावर न्हाई, वन्सं. मला त्यांचं ते डोळं पुन्यांदा बगायचं न्हाईत."

दादा खाटेवरून म्हणाला, "एकदा."

"अजाबात न्हाई."

"एकदाच. मग म्हन न्हाई."

वहिनी उठून बाहेर गेली. मीही गेले तिच्या मागं. ती गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "माझ्या हातानंच झालं ना हे? त्या कुंकवानं? पयल्या बॅटरीचं वीष तारंत उतरलं आन नवी बी गेली. खरं सांगा." मी म्हटलं, तसं काही उतरत नसतं. पण मग कशानं, ते मलाच सांगता येईना, आणि न सांगता आलेल्या गोष्टीनं कुणाचं समाधान होत नाही. तिनं मान हलवली. तिला ते पटलेलं नव्हतं.

डॉक्टर फोनवर म्हणाले होते की आता दिवस थोडे आहेत, जे हवं ते करू द्या. त्याला काय हवं होतं ते वाडीतल्या पोरासोरांनाही माहीत होतं. मी वहिनीला म्हटलं, "बॅटरी मी नीट करते. दिवा हिरवा जळला, मशीन तासभर चाललेलं तुमी स्वता बघितलं, तरच न्यायचं. न्हाई तर मीच न्हाई म्हणीन." तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "करा."

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच बोटीत उतरले. इंजिन चालू. दुसऱ्या बॅटरीकडं चार्जिंग सोडणारा रिले बदलला. लाल. डायनामोपासूनची तार नवी ओढली. लाल. नव्याची नवी बॅटरी, तरी लाल. मी इंजिनाला शिव्या घातल्या, बॅटरीला "तुझा मुडदा बशिवला" म्हटलं, पाना फेकला तो पत्र्यावर आपटून पाण्यात जाता जाता वाचला. मग पान्याकडं वाकले आणि तशीच गोणपाटावर बसून राहिले. त्याच गोणपाटावर, जिथं दादा रंगवायला बसला होता. माझ्या डोळ्यासमोर तो अर्थचा नट. चकचकीत, वर रंगाचा एक थेंब नाही. आजूबाजूला सगळी चांदी, आणि नट कोरा, कापडानं पुसलेला.

आणि मग कळलं. नट कोरा, कारण नट काढून खाली रंगवलंय.

मीटरचा काळा दांडा मी इतके दिवस इंजिनाला लावत होते. तो आता बॅटरीच्या काळ्या टोकाला लावला आणि लाल दांडा इंजिनाला. दोन्ही एकाच तारेनं जोडलेले, काटा जागचा हलायला नको होता. हलला. म्हणजे जायची वाट बरोबर होती, परतायची वाट बंद होती. बॅटरीला चार्जिंग मिळायचं तर ते लाल तारेनं आत येऊन काळ्या तारेनं इंजिनात परत जावं लागतं, आणि काळी तार इंजिनाला टेकलेली दिसत होती, पण लोखंडाला लोखंड लागतच नव्हतं. मशीन थेट बॅटरीवरून चालायचं, म्हणून ते चालत राहिलं, आणि बॅटरी आतल्या आत रिकामी होत गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

नट उघडला. खाली चांदी रंग. दोन हात, मस्त वाळलेले, कुठं ओघळ नाही. तारेच्या गोल टोकाला रंग, वायसरला दोन्ही बाजूंनी रंग, बोल्टच्या आट्यांत रंग. इतकं सफाईचं काम मी दुकानातही करत नाही. श्वास लागलेला माणूस, थांबत थांबत, एवढ्याशा वायसरला दोन्ही बाजूंनी रंग देत बसला होता. मी तो वायसर हातात घेऊन रडले. पाणी दिसत नव्हतं, काठ दिसत नव्हता, नुसतं रडू.

मग चाकूनं आणि पॉलिश पेपरनं सगळं खरवडून लोखंड उघडं केलं, आवळलं, इंजिन चालू केलं. दिवा हिरवा. लुकलुकणं नाही, काही नाही. मशीन आणून लावलं, चालू ठेवलं. वहिनी येऊन शेजारी बसली आणि तासभर त्या दिव्याकडं बघत राहिली.

वर घरात येताना माझा विचार पक्का होता. दादाला सांगायचं नाही. मरणाच्या दारात बसलेल्या माणसाला कशाला सांगायचं की बाबा, तुझ्याच हातानं तुझी बोट गेली. तार आतून तुटली होती म्हणायचं, संपलं.

"झाली?" दादानं विचारलं.

"झाली. तार तुटल्याली आतनं."

"कंची?"

"खालची."

दादा माझ्याकडं बघत राहिला. बोट त्यानं बांधलेली, त्यातली प्रत्येक तार त्याला माहीत. "खालची म्हंजे बैठकीवरची," तो म्हणाला. मग श्वास घेऊन, "नटाखाली मी रंग दिल्ता." मला खोटं बोलता येत नाही, म्हणजे बोलता येतं पण चेहरा साथ देत नाही. दादानं चेहरा वाचला. मग तो हसायला लागला, आणि हसण्याचा खोकला झाला, आणि वहिनी धावत येऊन त्याची पाठ चोळायला लागली. खोकला थांबल्यावर त्यानं तिचा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, आमच्यासमोर त्यानं तिचा हात कधी धरला नव्हता.

"ऐकलंस का," तो म्हणाला. "तुझं कुंकू न्हवतं. माझा रंग हुता."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. ती तिथंच जमिनीवर बसली, कपाळ खाटेच्या माचव्याला टेकून, आणि तिचे खांदे हलत राहिले. दादा तिच्या डोक्यावर हात ठेवून माझ्याकडं बघत म्हणाला, "खरवडल्यालं लोखंड तसंच नको ठिवू. गंज धरंल. वरनं ग्रीस लाव." मी म्हटलं, लावते.

त्या दुपारी वारं सुटलं होतं, पाण्यावर लाटा होत्या. वहिनी म्हणाली, "उद्या सकाळी न्हेते. मी स्वता न्हेते. आज वारं हाय." दादा म्हणाला, "उद्या तर उद्या." पोरांना निरोप गेला की उद्या मांजर येणार. मीही मुक्काम वाढवला.

सकाळी त्याला ताप होता. अंग निवालं की नेऊ, असं म्हणत आम्ही दिवस काढले, आणि रोज वहिनी बोटीत जाऊन इंजिन चालू करून बॅटरी भरून ठेवायची. दिवा हिरवा असायचा. दादा दाराकडं तोंड करून पडून असायचा आणि इंजिनाचा आवाज ऐकून डोळे उघडायचा. नेण्यासारखा तो पुन्हा झालाच नाही. असाच एका सकाळी, वहिनी खाली बॅटरी भरत असताना, मी खाटेशी बसलेली असताना, गेला. इंजिन अजून चालू होतं.

अस्थी प्रवरासंगमाला न्यायच्या होत्या. फरशी पाण्याखालीच होती, म्हणजे बोटीशिवाय वाट नव्हती. वहिनी सुकाणूवर बसली. वाडीतले म्हणाले आज दुसरं कुणी चालवंल, तिनं ऐकलं नाही. मातीचं मडकं मी मांडीवर घेतलं होतं. मशीनही परत द्यायचं होतं, ते शेजारी, नळी गुंडाळून वर ठेवलेली. दिवा हिरवा होता. "भरली का वो वन्सं?" वहिनीनं विचारलं. मी म्हटलं, "भरली."

मधोमध आल्यावर तिनं इंजिन बंद केलं. मला काही विचारलं नाही. दिवा विझला. मशीन बंद, इंजिन बंद, पाण्याचा पत्र्यावर लागणारा बारीक आवाज तेवढा. ती दादासारखीच पाण्यात हात घालून बसली. किती वेळ बसलो ते मला सांगता येणार नाही.

मग तिनं ओला हात पदराला पुसला, इंजिन चालू केलं, आणि दिवा पुन्हा हिरवा झाला.